पोटाच्या दुखण्याला मुदत घाला

रत्नागिरी जिल्ह्यात आजाराला वाढायला सर्वात निवांत वेळ मिळतो तो पोटात. हात मोडला तर माणूस त्याच दिवशी गाडी करतो. डोळ्यात काजूचा चीक उडाला तर धावत दवाखाना गाठतो. पोटात मात्र महिनाभर कळ येत असली तरी आमसुलाचे सार पितो, ओवा चावतो, मेडिकलमधून सुट्या दोन गोळ्या आणतो आणि ‘पित्त झालंय’ असे सांगून कामाला लागतो. त्या पित्ताखाली भलतेच काही दडले होते, हे पुढे कळते. तेव्हा डॉक्टर नातेवाइकांना विचारतात, ‘इतके दिवस काय करत होतात?’ मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊही तालुक्यांत या प्रश्नाचे उत्तर एकच आहे: वाट बघत होतो.

या वाट बघण्याचे वेळापत्रकही ठरलेले आहे. मृगात दुखू लागले तर ‘लावणी होऊ दे’. लावणी आटोपते तोच गणपती. मग भातकापणी, मग बागेतली फवारणी, मग शिमगा, मग आंब्याच्या पेट्या, मग मे महिन्यात मुंबईकरांनी भरलेले घर आणि पुन्हा मृग. दुखण्याला या वर्षात कुठेच जागा नाही. त्यात दाखवायला न्यायचे कोणी, हा प्रश्न वेगळाच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली आणि २०११च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. या आकड्यांचा घरातला अर्थ असा की कमावते हात मुंबईत आणि गावात म्हातारा-म्हातारी. रविवारी नालासोपाऱ्याहून फोन येतो. ‘बरा हाय मी. जरा गॅस होतो, दुसरा काय नाय.’ पलीकडून पित्ताच्या गोळ्यांची पाकिटे गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवली जातात. आणि दोन्ही बाजूंनी ठरते की गणपतीला आल्यावर बघू.

घरगुती उपायांशी आमचे भांडण नाही. आजीची पेज, सुंठीचा काढा, मुरड्यावर मुरडशेंग उगाळून देणे, यांनी पिढ्या सांभाळल्या आहेत आणि पोटाच्या बहुतेक तक्रारी दोन-तीन दिवसांत आपोआप बऱ्याही होतात. भांडण आहे ते या उपायांना मुदत नसण्याशी. बांधाच्या वादात कोर्टाच्या तारखा पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवणारा रत्नागिरीकर स्वतःच्या पोटाला मात्र एकही तारीख देत नाही. उपाय कोणताही करा, पण तो किती दिवस करायचा हे पहिल्याच दिवशी ठरवा. तारीख उलटली की दवाखाना. आणि काही लक्षणे अशी आहेत की त्यांना एक दिवसाचीही मुदत नाही. ती कोणती, हे घराघरात पाठ असायला हवे.

सर्वात घातक फसवणूक ‘गॅस’ची. वाडीवर जाणारी घाटी चढताना छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या अंगाला दाटल्यासारखे होते. पायरीवर दोन मिनिटे टेकले की मोकळे वाटते. गॅस असा चढणीवर वाढत नाही आणि टेकल्याबरोबर विरतही नाही. हृदयाला रक्त कमी पडते तेव्हा नेमके असे होते. मधुमेह असलेल्यांना आणि वयस्क बायकांना तर हृदयविकाराचा झटका येतानाही छातीत दुखेलच असे नाही. मळमळते, दरदरून घाम येतो, पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटते, एवढेच. घरचे लोक सोड्याची बाटली फोडतात, पाठ चोळतात, ढेकर येण्याची वाट बघतात. त्या अर्ध्या-पाऊण तासात हृदयाचा स्नायू मरत असतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला घामासह ‘गॅस’ झाला, दम लागला, जबड्यात किंवा हातात दुखणे उतरले, तर पहिला इलाज १०८ला फोन आणि पहिली तपासणी हृदयाचा आलेख. आलेख चांगला निघाला तर सोडा नंतरही पिता येतो.

दुसरी फसवणूक रंगाची. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव होतो तेव्हा ते रक्त शौचातून लाल येत नाही. पचून काळे होते. डांबरासारखे काळे, चिकट, उग्र वासाचे शौच हे पोटात रक्त वाहत असल्याचे लक्षण आहे. लोहाच्या गोळ्यांनी किंवा भरपूर जांभळे खाल्ल्यानेही शौचाला काळपट रंग येतो. पण तो चिकट नसतो आणि त्याला तो वास नसतो. गोळी चालू नाही, जांभळांचा दिवस नाही आणि तरीही शौच डांबरासारखे आहे, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले तर त्याच पावली निघावे. या रक्तस्रावात पुष्कळदा पोट दुखतच नाही. म्हाताऱ्या माणसाला फक्त चक्कर येते, धाप लागते आणि घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आलाय.’

हे रक्त येते कुठून? लावणीच्या दिवसांत कंबर आणि गुडघे धरतात. दुकानातून अंगदुखीची गोळी येते आणि ती रिकाम्या पोटी, चहाबरोबर, रोज घेतली जाते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके जठराच्या अस्तराचे संरक्षण काढून घेतात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर धोका वाढतो. वेदना मारणारी गोळी अल्सरची वेदनाही झाकते, म्हणून इशारा मिळत नाही आणि पहिली खूण थेट रक्तस्रावाचीच दिसते. कुणा वैदूने दिलेल्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या तर घेऊच नयेत. तशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. त्याने दोन दिवसांत गुडघे पळू लागतात आणि पोट आतून सोलवटते.

अल्सरचे दुसरे मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. अल्सर चिंतेने आणि तिखटाने होतो, असे डॉक्टरही मानत होते तेव्हा पर्थमधील बॅरी मार्शल यांनी १९८४ साली या जिवाणूचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. हा जिवाणू जठराच्या कर्करोगाचेही कारण ठरू शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच जाहीर केले. ठरावीक प्रतिजैविके सुमारे दोन आठवडे घेतली की तो बहुतेकांत नाहीसा होतो. म्हणजे जो अल्सर मुळापासून बरा होऊ शकतो त्यावर आपण दहा दहा वर्षे रोज सकाळी पित्ताची गोळी घेत राहतो. ही गोळी वाईट नाही, पण ती आम्ल कमी करते, रोग ओळखत नाही. दोन आठवडे घेऊनही जळजळ जात नसेल, किंवा बंद केली की पुन्हा सुरू होत असेल, तर अजून एक पाकीट घेण्याऐवजी दुर्बिणीने तपासणी करायला हवी.

कर्करोगाचे नाव घेतले की माणसे विषय बदलतात, म्हणून इथे स्पष्टच लिहिले पाहिजे. अन्ननलिकेचा कर्करोग घरातल्या ताटावर दिसतो, बघणारा हवा. आधी भाकरी अडकते म्हणून म्हातारी भातावर येते. मग मऊ भात, मग पेज, मग नुसते पाणी. प्रत्येक पायरीवर ती सांगते, ‘भूकच नाय.’ मधल्या काळात नऊवारीच्या निऱ्या जास्त पडू लागलेल्या असतात, पण वजनकाटा घरात नसतो. कोकणात मशेरी लावणाऱ्या बायका कमी नाहीत आणि ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही समजूत अजून आहे. निकोटिनने आतडे हलते हे खरे. पण त्याच तंबाखूने तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, हेही तितकेच खरे. घास अडकणे या लक्षणाला मुदत नाही. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा अडकत असेल तर त्याच आठवड्यात तपासणी.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची ओळख ‘मूळव्याध’ या नावाने होते. शौचातून लाल रक्त पडले की माणूस एसटी स्टँडच्या भिंतीवरची ‘विना ऑपरेशन’ची जाहिरात आठवतो. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते. पण मूळव्याध आहे हे बोटाने आणि नळीने तपासून ठरवायचे असते, भिंत वाचून नव्हे. रक्ताबरोबर शौचाची सवय बदलली, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब असे तीन आठवड्यांहून जास्त चालले, शौच झाल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, वजन उतरले, तर मूळव्याधीवरचे मलम बाजूला ठेवा. या रोगाने आता साठीची वाट बघणे सोडले आहे. अमेरिकेने लक्षणे नसलेल्यांचीही तपासणी सुरू करण्याचे वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणले. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. म्हणून इथे पहारा आपला आपल्यालाच द्यावा लागतो.

याच ठिकाणी दवाखान्यांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. पाळी गेलेल्या बाईचे किंवा कोणत्याही पुरुषाचे हिमोग्लोबिन कारण नसताना उतरले असेल तर पोटात कुठेतरी रक्त झिरपत नाही ना, हे बघणे हा वैद्यकातला साधा नियम आहे. आपल्याकडे लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि रुग्ण घरी जातो. गोळ्यांनी रक्त थोडे वाढते, आतली गाठही वाढते.

आता जी दुखणी तासांच्या हिशेबाने चालतात त्यांच्याकडे वळू. चांगल्या धडधाकट माणसाच्या पोटात अचानक जोराने दुखू लागले आणि सहा तासांनंतरही थांबले नाही, तर तो बहुधा शस्त्रक्रियेचा रुग्ण आहे, हा दंडक झॅकरी कोप या इंग्रज शल्यविशारदाने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात घालून दिला. शंभर वर्षांत स्कॅन आले, सोनोग्राफी आली, दंडक मोडला नाही. बेंबीभोवती सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकते, ताप येतो, चालताना किंवा खोकताना तिथेच दुखते, ही अपेंडिक्सची वाट. आपल्याकडे तेव्हा ‘बेंबी सरकली’ म्हणून बेंबीवर पेटती पणती ठेवून तांब्या पालथा घालतात, पोट चोळतात, वर एरंडेल पाजतात. सुजलेल्या अपेंडिक्सवर एरंडेलाइतका वाईट उपाय शोधून सापडणार नाही. आतडे जोराने आवळते, अपेंडिक्स फुटते आणि पू पोटभर पसरतो. १९०२ च्या जूनमध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याला हेच दुखणे झाले. राज्याभिषेक दोन दिवसांवर होता. तो पुढे ढकलून २४ जूनला शस्त्रक्रिया झाली, राजा वाचला आणि अभिषेक ९ ऑगस्टला पार पडला. इंग्लंडच्या राजाचा राज्याभिषेक थांबू शकतो, आपली लावणी थांबत नाही.

अशाच तातडीची आणखी काही दुखणी आहेत. पाळी चुकलेल्या तरुण बाईच्या ओटीपोटात एका बाजूला दुखले आणि चक्कर आली तर गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. ती तासाभरात रक्तस्रावाने जाऊ शकते. शाळकरी मुलगा लाजेपोटी ‘पोटात दुखतंय’ म्हणतो तेव्हा कधी कधी अंडकोशाला पीळ पडलेला असतो आणि तो सोडवायला हातात सहाएक तासच असतात. पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत, शौच नाही आणि वाराही सरत नाही, म्हणजे आतडे अडले आहे. तिथे एनिमा आणि चूर्ण देत बसू नये. तान्हे मूल थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन कळवळते आणि शौचातून रक्ताळलेली शेंब पडते, तेव्हा आतडे आतड्यात शिरलेले असते. तिथे ना दृष्ट काढून उपयोग, ना पोटावर बिब्बा घालून. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत पोटात वर उजवीकडे दुखते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर ते पित्त नसून रक्तदाबाचे विष असते.

आणि कोकणातल्या दोन खास गोष्टी, ज्या शहरातल्या पुस्तकी यादीत सापडणार नाहीत. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस पहाटे पोटात कळा आणि उलटी घेऊन उठतो. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, थुंकी गिळता येत नाही. ही मण्यार चावल्याची लक्षणे आहेत. मण्यारीचा दात इतका बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, रात्री जागही येत नाही. अशा माणसाला भगताकडे नेले तर श्वास बंद पडून तो वाटेतच जातो. सर्पविषावरची लस आणि श्वासाला आधार एवढेच त्याला वाचवतात. दुसरी गोष्ट बागेतली. मोहोरावर फवारणी करून आलेल्या माणसाला मळमळ, पोटात कळा, जुलाब सुरू झाले, तोंडाला लाळ आणि अंगाला घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर ते जेवणातले काही नसून कीटकनाशकाचे विष आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा बरोबर घ्या आणि रुग्णालय गाठा. बागेत राबणाऱ्या नेपाळी गड्याला हे त्याच्या भाषेत सांगण्याची जबाबदारी बागायतदाराची आहे.

पावसाचे पहिले पाणी विहिरीत उतरले की जुलाबाचे दिवस सुरू होतात. जांभ्याच्या भेगांतून पाणी मुरते तसे शौचखड्ड्यातलेही मुरते, आणि आपली विहीर पुष्कळदा त्याच उतारावर खाली असते. पाण्याच्या जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या ग्रामपंचायतीला कोणते मिळाले, हे ग्रामसभेत विचारणारे हात मात्र मोजकेच. चिपळूणकरांनी २२ जुलै २०२१ च्या महापुरात घराघरात शिरलेले गटार पाहिले आहे. त्यांना वेगळे सांगायला नको.

जुलाबात माणूस मरतो तो पाणी आणि क्षार संपल्याने. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. तीच ही क्षारसंजीवनी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळते, तरी आपण ती चुकीची करतो. अख्खे पाकीट एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायचे असते. आपण पेल्यात चिमूटभर टाकतो आणि उरलेले पाकीट घडी घालून फळीवर ठेवतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ घातलेली पातळ पेजही चालते, आजीचे तिथे बरोबरच आहे. दुकानातल्या रंगीत, गोड बाटल्या चालत नाहीत. जास्त साखरेने जुलाब वाढतात. नावात ‘ओआरएस’ मिरवणाऱ्या अशा पेयांना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये चाप लावला, तो उगीच नव्हे.

लहान मुलाचे डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसली, मूल सुस्त पडले, तर घरात थांबू नये. शौचात रक्त आणि अंगात ताप असताना जुलाब बांधणारी गोळी घेऊ नये, आणि मुलांना ती कधीच देऊ नये. जुलाब थांबले म्हणजे सगळे संपले, असेही नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियां-बारे आजाराची साथ आली आणि संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. त्यांतल्या अनेकांची सुरुवात साध्या जुलाबांनी झाली होती आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला. जुलाबानंतर आठ-पंधरा दिवसांत पायांना मुंग्या आल्या, जिना चढवेना, तर तो अशक्तपणा समजू नये.

कावीळ हा तर आपल्याकडे औषधाचा नसून पाल्याचा विषय. कुठल्या गावात कोण ‘कावीळ उतरवतो’ हे सर्वांना ठाऊक असते आणि बहुतेक काविळी आपोआप उतरत असल्याने त्याचे नावही टिकून राहते. पण २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून आलेल्या हिपॅटायटिस ईने हजारोंना गाठले आणि जीवही घेतले. हाच विषाणू गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पाच-सहा जणींतील एकीचा जीव घेऊ शकतो. ताप, पोटऱ्यांत दुखणे, लाल डोळे आणि कावीळ एकत्र आली तर शेतात राबणाऱ्या माणसाला लेप्टो झाला असण्याची शंका आधी घ्यायची. खाज, फिके शौच आणि न दुखता चढत गेलेली कावीळ असेल तर पित्तनलिका अडली आहे. ती खड्याने अडते, तशी गाठीनेही. यातली कुठली कावीळ आपली, हे पाला सांगत नाही. डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी रक्त तपासायला हवे.

हे सर्व वाचून प्रत्येक ढेकरेला घाबरायचे कारण नाही. लग्नाचे जेवण जड झाले, फणसाचे गरे जास्त झाले, तर एक दिवस लंघन आणि पेज पुरते. मोठ्या माणसाचे साधे जुलाब असतील तर दोन दिवस, तान्ह्याला दुसरा दिवसही नाही. जळजळ आणि आंबट ढेकर दोन आठवडे. शौचाच्या बदललेल्या सवयीला तीन आठवडे. सतत टिकलेल्या जोराच्या दुखण्याला सहा तास, आणि त्याबरोबर ताप, लागोपाठ उलट्या किंवा लाकडासारखे कडक पोट असेल तर एकही नाही. रक्त, काळे शौच, कावीळ, घास अडकणे, कारणाविना उतरलेले वजन, हाताला लागणारी गाठ, यांना मुदत नाही.

पण मुदत पाळून माणूस निघाला तरी पुढे काय, हा प्रश्न सरकारला विचारलाच पाहिजे. दुर्बिणीच्या तपासणीसाठी आणि पोटविकारतज्ज्ञासाठी आजही आंबा घाट चढून कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठायची, असे रत्नागिरीकर धरूनच चालतो. मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ पासून रेंगाळलेले चौपदरीकरण सर्वांना ठाऊकच आहे. रुग्णवाहिकेतल्या माणसाला त्याचा प्रत्येक खड्डा पोटात जाणवतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मोठ्या शस्त्रक्रिया आहेत. २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. इमारती आणि योजना आहेत, पण विशेषज्ञ नसल्याची तक्रार काही जुनी होत नाही. आमची मागणी मोठी नाही. जिल्हा रुग्णालयात आणि कामथे, कळंबणी, दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयांत दुर्बिणीच्या तपासणीचा वार ठरवा आणि तो फलकावर लावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात पोट दुखते म्हणून आलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा हृदयालेख काढा. आशाताई घरोघर जातातच. साठीपुढच्या प्रत्येकाचे वजन त्यांना दर तीन महिन्यांनी नोंदवू द्या आणि त्याचा मोबदलाही द्या. औषध दुकानदारांनी एकाच माणसाला तिसऱ्यांदा पित्ताच्या गोळ्या देताना ‘डॉक्टरांना दाखवलंत का?’ एवढे विचारावे.

आणि मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांना एक सांगणे. या रविवारी घरी फोन लावाल तेव्हा ‘बरे आहात ना?’ एवढेच विचारू नका. त्याचे उत्तर ठरलेले आहे. जेवणात भाकरी आहे की पेज, कपडे सैल झालेत का, शौचाचा रंग कसा आहे, पित्ताची गोळी कधीपासून चालू आहे, हे चार प्रश्न विचारा. विचारायला लाज वाटत असेल तर बायकोला, बहिणीला किंवा शेजारच्या वहिनींना विचारायला सांगा. एकाही उत्तराने मनात पाल चुकचुकली तर गणपतीची सुट्टी राखून ठेवू नका. रजा टाका, पहिली गाडी पकडा आणि त्यांना तपासून आणा.